हिपहॉप बीट बनवायला घरी सेटअप करायचाय, २५ हजारात काय काय बसेल?

चोपडा_बीट्स

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, सध्या जळगावला इंजिनिअरिंगला आहे. गावाकडचे दोन मित्र अहिराणीत रॅप लिहितात आणि खरंच भारी लिहितात, पण बीट सगळे यूट्यूबवरचे, ‘फ्री’ लिहिलेले उचलायचे आणि गाणं टाकलं की कॉपीराइट क्लेम, असं सारखं चाललंय. म्हणून आता बीट आपले आपणच बनवायचे ठरवलंय. लॅपटॉप आहे, आय ५, ८ जीबी रॅम, एसएसडी. फोनवर बँडलॅब अ‍ॅपमध्ये थोडंफार करून बघितलंय, ड्रम बसवता येतात, बेसलाइन पण जमते.

बजेट २५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण वेगळी यादी देतो आणि बेरीज केली की लाखाच्या खाली येत नाही. आधी स्पीकर घेऊ, कीबोर्ड घेऊ, माइक घेऊ का ते साउंड कार्ड म्हणतात ते घेऊ? घरी १० बाय १० ची स्लॅबची खोली आहे, मे महिन्यात भट्टी होते पण दुसरी जागा नाही. जाणकारांनी सांगा.

तापीकाठ

भो, आधी डोक्यात दोन कामं वेगळी कर. एक बीट बनवणं आणि दुसरं रॅपचा आवाज रेकॉर्ड करणं. बीट बनवायला माइक लागत नाही, इंटरफेस (तू साउंड कार्ड म्हणतोस ते) पण लागत नाही, कारण ड्रम, बेस, पियानो, सिंथ सगळं लॅपटॉपच्या आतच वाजतं आणि आतल्या आतच फाइल तयार होते. बाहेरचा आवाज आत घ्यायचा असेल तेव्हाच माइक आणि इंटरफेसचा प्रश्न येतो. यूट्यूबवरच्या याद्या लाखाच्या होतात त्या याच्यामुळेच, दोन्ही कामांचं सामान एकाच दिवशी घ्यायला लावतात.

माझं स्पष्ट मत, पहिले पैसे कानावर घाल. म्हणजे हेडफोन, बंद पाठीचे, वायरचे. ऑडिओ टेक्निकाचे एम२०एक्स हे स्वस्तातलं खात्रीचं मॉडेल आहे, पैसे थोडे वाढवता आले तर एम४०एक्स. तुला किक आणि बेस एकमेकांवर चढलेत का, स्नेअर बोचतोय का हे ऐकूच आलं नाही तर बाकी लाखाचं सामान ठेवून पण बीट चिखलच होणार. गेमिंगवाले हेडफोन घेऊ नको, त्यात बेस मुद्दाम फुगवलेला असतो, मग तू बीटमधला बेस कमी करत जातो आणि दुसरीकडे वाजवलं की गाणं पातळ लागतं.

दुसरं, छोटा मिडी कीबोर्ड. अकाईचा एमपीके मिनी बघ, २५ कीज, ८ पॅड, ८ नॉब, यूएसबीवरच चालतो. एक सांगून ठेवतो कारण दुकानात यावरून फार घोळ होतो, मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. तो टीव्हीच्या रिमोटसारखा आहे, बटण त्याच्यावर आणि आवाज लॅपटॉपमध्ये. त्यामुळे दुकानदाराने जोडून न दाखवता ‘यात आवाजच येत नाही, हा घ्या ५०० टोनवाला’ असं म्हटलं तर ऐकू नको. पण हो, घरात कोणाचा जुना कॅसिओ वगैरे पडला असेल आणि त्याच्या मागे यूएसबीचं चौकोनी पोर्ट असेल तर तो बहुतेक वेळा मिडी म्हणून चालतो, मग नवीन घ्यायची पण गरज नाही. आधी मावशी-काकांकडे चौकशी कर.

स्पीकर सध्या नको. का ते कोणी विचारलं तर लिहीन.

धुळे_साउंडवाला

मी विचारतो. मी लग्नसराईत साउंड लावतो, इतकी वर्षं धंदा करतोय. हिपहॉप म्हणजे बेस आहे भाऊ. बेस छातीत वाजला नाही तर बीट बनवणाऱ्याला कळणार काय? माझं म्हणणं सेकंडहँड १२ इंचाचा एक टॉप, म्हणजे मोठा स्पीकर बॉक्स, घे आणि छोटा अ‍ॅम्प. आपल्याकडे मिरवणुकीत ज्यावर गाणं वाजणार त्यावरच बनव. हेडफोनवर बनवलेली गाणी पोरं घेऊन येतात, माझ्या सेटवर लावली की नुसता भोंगा.

तापीकाठ

धुळेकर दादा, मिरवणुकीच्या सेटवर गाणं शेवटी तपासलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण तुमचा सेट उघड्यावर वाजतो आणि ह्याची खोली १० बाय १० आहे, सगळा फरक तिथेच पडतो.

ट्रॅप बीटमधला ८०८ चा, म्हणजे त्या लांब घुमणाऱ्या बेस किकचा, सूर साधारण ४० ते ६० हर्ट्झमध्ये असतो. ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास ७ मीटर, म्हणजे २२-२३ फूट. आणि समोरासमोरच्या भिंती १० फुटांवर. ती लाट खोलीत मावतच नाही, भिंतीवर आपटून परत येते आणि स्वतःलाच जाऊन भिडते. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो, आणि याची लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही बाजूंनी तोच सूर घुमणार. ५५ हर्ट्झ म्हणजे खालचा ए. आता हा पोरगा ए मध्ये ८०८ वाजवेल, खोलीच्या मधोमध बसला असेल तर त्याला बेस ऐकूच येणार नाही आणि पाठ भिंतीला टेकवून बसला तर नको एवढा येणार. १२ इंचाचा टॉप ठेवला की हेच सगळं जोरात होईल. त्यात खरं किती आणि खोलीचं किती हे नवीन माणसाला ओळखता येत नाही. हेडफोनमध्ये खोलीच नसते, म्हणून सुरुवातीला हेडफोन.

५ इंचाचे स्टुडिओ मॉनिटर (मिक्सिंगचे स्पीकर) चांगलेच असतात, पुढे घे. पण त्यातून ५० हर्ट्झच्या खालचं फार काही येत नाही, आणि जोडी घेतली की तुझं बजेट तिथेच संपलं.

अजून एक, आपल्याकडे गाणं ऐकलं कुठे जातं हे बघ. फोनचा स्पीकर, रिक्षा, ट्रॅक्टरवर लावलेले बॉक्स, आणि मग लग्नात दादांचा सेट. फोनच्या स्पीकरला २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजत नाही. म्हणजे तुझा ४५ हर्ट्झचा मस्त गोल ८०८ फोनवर शून्य. त्याला थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन दे, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि त्याच्याही वरचे सूर तयार होतात आणि फोनवर पण बेसलाइन कळते. ८०८ हे नाव ज्यावरून पडलं ते रोलंडचं टीआर-८०८ ड्रम मशीन १९८० ला आलं आणि १९८३ ला बनायचं बंद झालं, पण त्याची किक घेऊन लोकं अजून हेच करतात, नुसती साधी किक कोणी ठेवत नाही.

धुळे_साउंडवाला

खोलीचं पटलं. पण मग माझं पण एक लिहून ठेवा. बाहेरचे बरेच सेट मोनोत चालतात, दोन्ही बाजूला एकच सिग्नल जातो. पोरं सिंथ डावीउजवीकडे भरपूर पसरवून आणतात, हेडफोनवर भारी लागतं, मोनोत घेतलं की अर्धा सिंथ गायब कारण दोन्ही बाजू एकमेकांना खातात. बीट झाला की मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) मोनो करून एकदा ऐका. बेस आणि किक कायम मधोमध ठेवा, त्यांना पसरवायचंच नाही.

भुसावळची_पोर

मी वर्षभर फक्त फोनवर बीट बनवलेत, आता लॅपटॉपवर आले, म्हणून थोडं सांगते.

पहिलं म्हणजे ब्लूटूथ इअरबडवर बीट बनवू नकोस. पॅड दाबल्यावर आवाज यायला साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो, गाणं ऐकताना कळत नाही पण वाजवताना हात चुकत जातो आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच ताल नाही. माझी मैत्रीण याच्यामुळे सोडूनच देणार होती! साधा वायरचा इअरफोन दिला आणि त्याच दिवशी तिचा हात बसला.

दुसरं, ते ‘फ्री’ बीट. त्यात बहुतेक वेळा फ्री म्हणजे पैसे न कमावता वापरायला फ्री, गाणं यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर कमाईसाठी टाकायचं तर लीज, म्हणजे बीट वापरायचं विकतचं लायसन्स, घ्यावी लागते. व्हिडिओच्या खाली लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. आणि त्या बीटमध्येच कोणाचा सॅम्पल (दुसऱ्याच्या गाण्यातून घेतलेला तुकडा) असेल तर बीटवाल्याने परवानगी देऊन पण क्लेम येऊ शकतो.

तिसरं, पॅड का हवेत ते. माउसने ठोके मांडले की सगळे अगदी रेषेवर बसतात आणि बूम बॅपमध्ये (जुन्या वळणाच्या हिपहॉपमध्ये) ते मेल्यासारखं वाजतं. अकाईची एमपीसी६० ही पॅडवाली बीट मशीन आली १९८८ ला, ती रॉजर लिन यांनी डिझाइन केली होती, त्यात स्विंग टक्क्यांत असतो. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे पूर्ण तिगुणासारखी चाल, आणि मजा या दोघांच्या मध्ये. दोन सोळांशांच्या जोडीत दुसरा ठोका किती मागे सरकवायचा एवढंच ते आहे. तू ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) साधा हायहॅट लाव आणि स्विंग ५४ वरून ५८, मग ६२ असा नेत जा, मान आपोआप वेगळी हलायला लागते. नंतर स्नेअर हाताने पॅडवर वाजव आणि क्वांटाइझ (ठोके आपोआप रेषेवर बसवणं) करूच नको, एकदा तसाच ठेवून बघ. हे मला कुठल्याही महागड्या प्लगइनपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

चोपडा_बीट्स

खूप आभार सगळ्यांचे, ताई स्विंगचं आत्ताच करून बघितलं, ५८ ला भारी वाटतंय. आता सॉफ्टवेअरचं सांगा. होस्टेलवर एकाकडे एफएल स्टुडिओचं क्रॅक आहे, पेनड्राइव्हवर देतो म्हणतोय. घेऊ का?

तापीकाठ

नको. क्रॅकमधून काय काय येईल सांगता येत नाही, त्याच लॅपटॉपवर तुझं कॉलेजचं सगळं, यूपीआय, बँक. आणि दुसऱ्याने क्लेम टाकला म्हणून तू हा धागा काढलास, मग आपण पण कोणाचं बनवलेलं तसंच उचलू नये.

फुकटात भरपूर आहे. अकाईचं एमपीसी बीट्स फुकट आहे, पॅडवर काम करायला सरळ. एलएमएमएस फुकट आणि ओपन सोर्स, एफएलसारखंच पॅटर्नवर चालतं पण आवाज रेकॉर्ड करायला कमी पडतं. रीपरला ६० दिवस पूर्ण वापरायला मिळतं आणि नंतर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं, व्होकल आणि मिक्सिंगला ते मला सगळ्यात आवडतं पण त्यात ड्रमचे आवाज तयार मिळत नाहीत, सगळे बाहेरून आणावे लागतात.

एफएलच आवडत असेल तर त्याची ट्रायल उतरवून घे. ट्रायलमध्ये जवळजवळ सगळं चालतं, एक्सपोर्ट पण होतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडता येत नाही. त्याचा एक फायदाच आहे, बसल्या बैठकीला बीट पूर्ण करायची सवय लागते. एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर फुकट, हे त्यांचं पहिल्यापासून आहे. सेल लागतो तेव्हा घे. फक्त एडिशन बघून घे, माइकवरून रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्रोड्युसर एडिशन, आणि त्यांच्या साइटवर कुठल्या एडिशनमध्ये काय आहे त्याचा तक्ता आहे तो पैसे भरण्याआधी वाच.

अमळनेर_७

भो, अंडाना ट्रे भिंतले लायात ते चालतीन का? मना रूममा मोकळा पडेल शेतस.

तापीकाठ

नही भो, त्याने काहीच होत नाही. कागद पातळ, वरची थोडी चरचर कमी होते आणि बाकी खोली जशीच्या तशी घुमते. शिवाय वायरीजवळ कागद, आग लागायची भीती वेगळी.

आपल्या भागात कापसाची गादी घरोघरी आहे, तीच वापर. जुनी जाड गादी असेल तर भिंतीला चिकटवू नको, भिंतीपासून वीतभर पुढे उभी कर, तेवढ्या मोकळ्या जागेने ती जास्त खालचा आवाज खाते. रॅप रेकॉर्ड करायचा असेल तर गादी माइकच्या मागे नाही तर गाणाऱ्याच्या पाठीमागे पाहिजे. बरेच जण उलटं करतात. कार्डिओइड माइकला समोरचं ऐकू येतं आणि माइकचं तोंड तर गाणाऱ्याकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून आपटून आलेला आवाज सरळ माइकमध्ये जातो. दोन गाद्या असतील तर कोपऱ्यात काटकोनात उभ्या कर आणि गाणाऱ्याने पाठ त्या कोपऱ्याकडे करून उभं राहायचं. वरून दोरीवर गोधडी टाकली तर अजून बरं.

आणि कूलर. मे महिन्यात कूलर लावून कोणी रेकॉर्डिंग केलं की पाठीमागे सगळीकडे तो घूं आवाज, नंतर कितीही नॉइज रिडक्शन लावा, माणसाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. कूलर बंद, पंखा बंद, पहाटे पाच-सहाला टेक घ्यायचे आणि दुपारी बीटचं काम करायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे असंच करतात.

सातपुडा_पायथा

मी शहाद्याकडचा. धागा सामानाचा आहे पण मला वाटतं सामान घेताना आवाज कुठून आणणार हे पण ठरवलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांच्या बीटमध्ये तेच ते विकतच्या पॅकमधले ड्रम.

आपल्या भागात वही गायनाचा डफ आहे, कानबाईच्या उत्सवातली गाणी आहेत, गोंधळाचं संबळ आहे, आमच्या वरच्या पट्ट्यात होळीला जे ढोल वाजतात ते आहेत, पावरी आहे. अहिराणी रॅपच्या खाली यातलं काही आलं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं हे कुठलं गाणं आहे.

डफ रेकॉर्ड करणार असाल तर वाजवणाऱ्याला घाई करू नका. तो आधी डफ आगीवर तापवतो, कातडं ताणलं की सूर चढतो, मग वाजवून बघतो, पुन्हा तापवतो. हवेत ओल असेल तर थोड्याच वेळात सूर उतरायला लागतो. म्हणून सगळी तयारी आधी करून ठेवायची, लेव्हल लावायची, आणि डफ तापून आला की लगेच रेकॉर्ड दाबायचं. माइक किंवा फोन कातड्याच्या अगदी समोर धरू नका, हवेचा धक्का बसतो. हातभर लांब आणि थोडा कडेला. लेव्हल अशी की सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डीबीच्या आसपास जाईल, कारण माणूस रंगात आला की तपासणीपेक्षा जोरात वाजवतोच. मधला ठोका, काठावरचा ठोका, काडीचा ठोका, प्रत्येक वेगवेगळा आणि मध्ये पूर्ण शांतता ठेवून चार-पाच वेळा घ्या. घरी येऊन कापून पॅडवर टाकले की तुमचा स्वतःचा ड्रम किट तयार. फोनचा रेकॉर्डर पण सुरुवातीला चालतो, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारं काही असेल तर बंद करा आणि वेव्ह फाइलमध्ये घ्या.

आणि वाजवणाऱ्याला पैसे द्या. आधी सांगून द्या की याचं काय करणार आहे, नाव टाकू का ते विचारा. साधा कागद करून सही घेतली तर दोघांच्या हिताचं.

भुसावळची_पोर

मग जुन्या कॅसेटमधल्या अहिराणी गाण्याचा तुकडा घेतला तर? लोकगीत तर कोणाच्या मालकीचं नसतं ना, आणि चार-पाच सेकंद चालतात असं ऐकलंय.

सातपुडा_पायथा

ताई, चार-पाच सेकंद चालतात असं कायद्यात कुठेच नाही. लोकगीताची चाल सगळ्यांची आहे, ती तुम्ही स्वतः गाऊन किंवा कोणाकडून गाऊन घेतली तर अडचण नाही. पण कॅसेटवरचं रेकॉर्डिंग ही वेगळी गोष्ट, त्यावर कंपनीचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे कॅसेटच्या जमान्यातलं सगळं अजून हक्कातच आहे. शिवाय कॅसेटवरचं प्रत्येक गाणं लोकगीत नसतं, कोणीतरी नव्याने लिहिलेलं पण असतं. जात्यावरच्या ओव्या अजून म्हणणाऱ्या आज्या आहेत गावात, त्यांच्याकडे जाऊन बसा. परवानगीने घेतलेलं एक मिनिट तुमचं स्वतःचं राहील, त्यावर कोणी क्लेम टाकणार नाही.

धुळे_साउंडवाला

विजेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, हा माझा रोजचा विषय आहे.

लॅपटॉपला हेडफोन किंवा स्पीकर लावला आणि बारीक गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर अर्थिंगचा घोटाळा आहे, लॅपटॉप खराब नाही. बऱ्याच घरात तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते, वायरमन बोलवून टेस्टर लावून तपासा. काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात, ते अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर माइकच्या लोखंडी बॉडीत करंट येईल आणि माइक ओठाला लावलेला असतो. पिन तोडून दोन पिन करणं पण तसलंच.

साध्या इन्व्हर्टरवर गेलं की पण भुणभुण येते, स्वस्त इन्व्हर्टरचा करंट चौकोनी लाटेचा असतो. लाइट गेल्यावर लॅपटॉप त्याच्या बॅटरीवरच चालवा, इन्व्हर्टरला लावू नका. इंटरफेस, लॅपटॉप, पुढे स्पीकर घेतलेत तर ते, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर ठेवा, वेगवेगळ्या सॉकेटवर गेलं की परत गुणगुण.

खरेदीचं पण एक. माझ्या पुतण्याने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून इंटरफेस घेतला, हजार-बाराशे कमी म्हणून. थोड्या महिन्यांनी एक इनपुट गेला, सर्व्हिसला पाठवला तर माल बाहेरून आलेला, भारतातली वॉरंटी नाही म्हणून जसाच्या तसा परत आला. ऑर्डर करायच्या आधी भारतातली वॉरंटी आहे का आणि पक्कं बिल मिळेल का हे लेखी विचारा. नावाजलेल्या माइकची नक्कल पण बाजारात फार आहे, भाव अर्ध्यावर दिसला की हात आखडा.

चोपडा_बीट्स

दादा हे कोणीच सांगत नाही व्हिडिओत. आमच्या सॉकेटचा अर्थ तपासून घेतो. आता शेवटचं, पुढे मित्रांचा आवाज रेकॉर्ड करायला माइक कुठला? सगळे कंडेन्सर म्हणतात.

तापीकाठ

कंडेन्सर नाजूक ऐकतो, ते खरं, पण तो खोली पण ऐकतो, बाहेरची मोटरसायकल ऐकतो, शेजारच्यांची पाण्याची मोटर ऐकतो. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर पण लागतो, तो इंटरफेसमधून मिळतो. तुझ्या खोलीत डायनॅमिक माइक बरा, शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि रॅपरला तोंडाजवळ धरून रेकॉर्ड करायला आजही चालतो. चार बोटं अंतर ठेवायचं, ‘प’ आणि ‘फ’ च्या फटक्यासाठी थोडा तिरका धरायचा. इंटरफेस एक माइक इनपुटचा पुरे, एका वेळी एकच जण गाणार. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो याच कामाचा आहे. डायनॅमिकला गेन जास्त लागतो, त्यामुळे नॉब बराच वर न्यावा लागला तर घाबरू नको. हजार-दीड हजाराला स्टँड, फोम आणि माइक असा सगळा संच मिळतो तो घेऊ नको, त्याच पैशाची गोधडी शिवून घे.

पण हे सगळं दुसऱ्या टप्प्यात. आत्ता हेडफोन आणि मिडी कीबोर्ड मिळून १५-१६ हजाराच्या आत बसव. मग लॅपटॉपची रॅम वाढवता येते का ते बघ, काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच डकवलेली असते, जळगावच्या गोलाणी मार्केटात उघडून दाखवतील. ८ वरून १६ केली तर मोठे पियानो आणि बरेच ट्रॅक एकत्र लोड होतात. उरलेले पैसे हलवू नको. या सामानावर दहा-पंधरा बीट पूर्ण कर, अर्धवट नाही, सुरुवात, व्हर्स, हुक, शेवट असलेले. त्यातल्या एखाद्यावर मित्रांनी लिहिलं की मग इंटरफेस आणि माइकला हात घाल. तोवर त्यांनी फोनवर गादीच्या आडोशाला कच्चा आवाज रेकॉर्ड करून दिला तरी काम अडत नाही.

भुसावळची_पोर

हेच बोलायला आले होते. माझ्या ओळखीत एकाकडे मॉनिटर, माइक, इंटरफेस सगळं आहे, धूळ खातंय, कारण आठ बारच्या लूपच्या पुढे एक पण बीट गेला नाही. लूप बनवणं सोपं आहे, हुकला काय काढायचं आणि व्हर्सला काय ठेवायचं ते अवघड. रॅपर बोलत असतो तेव्हा मेलडी काढून टाक, ड्रम आणि बेस पुरतात, त्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत. अहिराणीत तर नक्कीच, लोकांना शब्दच ऐकायचे असतात.

चोपडा_बीट्स

अपडेट देतो. एम२०एक्स आणि एमपीके मिनी आले. घरच्या सॉकेटला खरंच अर्थ नव्हता, वायरमनने करून दिला. एमपीसी बीट्स टाकलं. पण पॅड दाबलं की आवाज उशिरा येतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन कमी केलं की चरचर फाटल्यासारखं वाजतं. लॅपटॉप कमी पडतोय का?

तापीकाठ

नाही, बफरचं आहे, म्हणजे लॅपटॉप आवाज वाजवण्याआधी थोडा साठवून घेतो त्याचं. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर आहेस बहुतेक. एएसआयओ४ऑल हा फुकट ड्रायव्हर टाक आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तो निवड. मग बफर. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १२ च्या जवळ, ड्रायव्हरचा स्वतःचा थोडा वेळ त्यात अजून मिळतो. वाजवताना २५६ ठेव, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ कर, तेव्हा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. लॅपटॉप चार्जरला लाव, पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्स, वायफाय बंद. आणि खालून वीट किंवा स्टँड देऊन हवा खेळू दे, उन्हात प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि आवाज फाटायला लागतो, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हे फार होतं.

चोपडा_बीट्स

२५६ ला बसलं दादा, वायफाय बंद केल्यावर चरचर पूर्ण गेली. पहिला बीट पूर्ण झालाय, ८८ बीपीएम. मित्राला कसा पाठवू? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर त्याला आवाज खराब वाटतोय.

तापीकाठ

ऑडिओ म्हणून टाकू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ड्राइव्हची लिंक दे. लिहायला त्याला एमपी३ पुरे, पण रेकॉर्डिंगसाठी २४ बिट वेव्ह आणि सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नको, मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर दाबून धरणारा इफेक्ट) असेल तर काढ, म्हणजे त्याच्या आवाजाला जागा राहील. ड्रम, बेस, मेलडी वेगळे पण एक्सपोर्ट करून ठेव, तिन्ही फाइल शून्यापासून सुरू झालेल्या पाहिजेत. फाइलच्या नावातच बीपीएम आणि सूर लिही, आणि प्रोजेक्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर आजच घे.